इंटरसेप्टर ६५० चा बिनब्रँडचा स्लिप-ऑन: पाइप चांगला, क्लॅम्प कच्चा

ठाण्यात आणि वाशी-तुर्भ्याकडच्या ॲक्सेसरीच्या दुकानांत रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० मोटरसायकलसाठी ही स्लिप-ऑन, म्हणजे मूळ सायलेन्सरच्या जागी पुढच्या पाइपावर सरकवून बसवायची, स्टेनलेसची जोडी मिळते: दोन सायलेन्सर, दोन क्लॅम्प, दोन डीबी किलर (आवाज दाबणारे, सायलेन्सरच्या आत बसणारे तुकडे) आणि नटबोल्टची पुडी. मूळ सायलेन्सर काढून हातात घेतले की वजनातला फरक लगेच कळतो. इंजिनाकडून येणारा बेंड पाइप, त्यातला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जागचे हलत नाहीत, त्यामुळे रीमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली इंधनाची सेटिंग बदलायचा, खर्च करायची गरज नाही. दुकानदार कितीही आग्रह करो.

पैसे देण्याआधी चुंबक लावून बघा. ३०४ ग्रेडच्या स्टीलला तो जवळपास चिकटत नाही, ४०९ ला घट्ट चिकटतो. ४०९ टाकाऊ नाही, पण खाडीकाठच्या दमट हवेत त्यावर तांबूस थर लवकर चढतो. या जोडीचं नळकांडं ३०४ चं आहे, वेल्डिंगही सलग आहे. क्लॅम्पला मात्र चुंबक टपकन बसतो, आणि त्याचे बोल्ट इतके मऊ की दोनदा आवळले की आटे गेलेच समजा. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचे ८ एमएमचे स्टेनलेस बोल्ट आणि नट आधीच आणून ठेवा.

बसवायला सॉकेट सेट, ॲलन की, रबरी हातोडा आणि टॉर्क रेंच पुरे. गाडी सेंटर स्टँडवर आणि पूर्ण थंड हवी. जुन्या क्लॅम्पवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं तर सकाळी पाना घसरत नाही. क्लॅम्प सैल करा, मग मागच्या फूटरेस्टजवळचा बोल्ट काढा. सायलेन्सर ओढू नका. डावी-उजवीकडे पिळत मागे घ्या, नाहीतर बेंड पाइपचं तोंड वाकतं. तिथली जुनी काजळी बारीक एमरी पेपरने साफ करा.

नवा पाइप शेवटपर्यंत आत गेला पाहिजे. आधी सगळे बोल्ट हातानेच लावायचे. दोन्ही बाजू मागून एका उंचीवर दिसल्या की पुढचा क्लॅम्प आवळायचा आणि फूटरेस्टचा बोल्ट शेवटी. बहुतेक जण उलट करतात. मग सगळा ताण ब्रॅकेटवर येतो आणि इंजिनाच्या कंपनाने काही दिवसांत तिथल्या वेल्डला तडा जातो. ८ एमएमच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर पुरतात. आट्यांना थोडं कॉपर ग्रीस लावत असाल तर खालचाच आकडा धरा. इंजिन सुरू करण्याआधी पाइपवरचे बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एकदा तापले की ते कायमचे भाजून बसतात.

आता खरी कुरकुर. उजव्या बाजूचा सांधा सैल बसतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट ऐकू आली की समजा तिथून हवा आत जातेय, आणि शिल्लक पेट्रोल पाइपात जळतंय. सांध्याभोवती काळा पट्टा दिसला की शंकाच नको. क्लॅम्प आणखी आवळून हे जात नाही. ग्रॅफाइटची गॅस्केट घाला. साधं सिलिकॉन लावलंत तर जळून जाईल.

डीबी किलर एका छोट्या बोल्टवर धरलेला आहे आणि तो बोल्ट सुटतो. निळं थ्रेडलॉक (बोल्टचे आटे धरून ठेवणारा डिंक) इथे कामाचं नाही, सायलेन्सरच्या उष्णतेत ते मऊ पडतं. पूर्ण धातूचा लॉकनट लावा किंवा तार ओवून बांधा. किलर असताना आवाज जाड पण सुसह्य आहे. या इंजिनाच्या २७० अंशांच्या क्रँकमुळे येणारी ती अडखळती लय छान उमटते. काढला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे गाडी सुरू करायची सोय उरत नाही.

कायद्याचंही बघून घ्या. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला उत्पादनाच्या वेळची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन तीन महिने अपात्र. या जोडीवर मान्यतेचा कुठलाही शिक्का नाही, तेव्हा पामबीच रोडवर किंवा घोडबंदरला अडवलं तर किलर दाखवून सुटका होईल असं धरून चालू नका.

पाइपाला पाचपैकी चार, पुडीतल्या सामानाला एक. पहिल्यांदा गाडी नीट तापून थंड झाली की सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा, आणि मूळ सायलेन्सर तेलाचा हात फिरवून जपून ठेवा. वॉरंटीच्या कामाला आणि गाडी विकताना तेच लागतात.