लठ्ठ मांजराचे वजन उतरवताना: चालू खाद्य मोजून द्यावे, पाऊच द्यावेत की पशुवैद्यकीय आहार?

नसबंदी झालेल्या आणि फ्लॅटमध्येच वावरणाऱ्या मांजराचे वजन वाढले की घरातल्यांसमोर तीन मार्ग असतात: चालू कोरडे खाद्य मोजून कमी करणे, पाऊचमधल्या ओल्या खाद्याकडे वळणे, किंवा पशुवैद्याच्या सल्ल्याने वजन उतरवण्याचा खास आहार सुरू करणे. उपाशी ठेवणे हा चौथा मार्ग कधीही नाही. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून मांजर दगावूही शकते. म्हणूनच आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, फार तर दोन टक्के घट सुरक्षित मानली जाते. साडेपाच किलोच्या मांजराच्या बाबतीत एक टक्का म्हणजे जेमतेम ५५ ग्रॅम; त्याला चार किलोवर यायला सहा-सात महिने लागतात, आणि तेवढे लागू द्यावेत.

चार किलो हे योग्य वजन धरले, तर सुरुवातीला दिवसाला साधारण १६० किलोकॅलरी द्याव्या लागतात. नेहमीच्या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात, म्हणजे दिवसभराचे खाणे ४० ते ४५ ग्रॅम. एवढ्या दाण्यांनी वाटीचा तळही नीट झाकला जात नाही, आणि मांजर ओट्याभोवती घुटमळत ओरडत राहते. हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, पण मापाच्या कपाने दाणे सहज जास्त पडतात, त्यामुळे स्वयंपाकघरातला डिजिटल काटाच वापरावा. त्याहून मोठी अडचण अशी की साध्या खाद्यातली प्रथिने आणि जीवनसत्त्वे पूर्ण खुराकाच्या हिशेबाने घातलेली असतात. खुराक फार कापला की तीही कमी पडतात आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यामुळे वजन थोडेसेच वाढले असेल तरच हा मार्ग निवडावा.

ओल्या खाद्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. तेवढ्याच १६० किलोकॅलरींत सुमारे २०० ग्रॅम खाणे देता येते, पोट भरल्यासारखे वाटते आणि कमी पाणी पिणाऱ्या मांजराच्या पोटात पाणीही जाते. मात्र रोजचा खर्च बराच वाढतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत वाटीत राहिलेले खाणे लवकर खराब होते. लहानपणापासून दाण्यांवर वाढलेली काही मांजरे पाऊचला तोंडही लावत नाहीत. अशा वेळी सकाळी दाणे आणि रात्री पाऊच अशी विभागणी करता येते. मध्यम लठ्ठ मांजरासाठी मला हीच सर्वांत व्यवहार्य वाटते.

हात फिरवूनही फासळ्या लागत नसतील आणि वरून पाहताना कंबर दिसतच नसेल, तर मात्र खर्चाकडे न पाहता पशुवैद्यकीय आहारच निवडावा. त्यात कॅलरी कमी असल्या तरी प्रथिने, तंतू आणि जीवनसत्त्वे त्या प्रमाणात वाढवलेली असतात.

घरचे उकडलेले चिकन किंवा बांगडा हा अनेकांना सोपा पर्याय वाटतो. पण मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य आहारातूनच मिळावे लागते आणि ते कमी पडले तर दृष्टी आणि हृदय यांना इजा होते. म्हणून केवळ घरच्या खाण्यावर मांजर ठेवायचे असेल तर पाककृती पशुवैद्याकडूनच घ्यावी. दूध-पोळी तर बंदच करावी. खाऊ म्हणून दिलेला माशाचा तुकडाही त्याच १६० किलोकॅलरींत मोजावा आणि अशा खाऊचा वाटा दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. घरातल्या आजी-आजोबांनाही हे आधीच सांगून ठेवावे.

कोणताही बदल सात ते दहा दिवसांत, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत करावा आणि दर पंधरवड्याला त्याच काट्यावर वजन करावे. मांजराने पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही तर जुने खाद्य परत द्यावे आणि त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करावा. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असलेल्या मांजराचे खाणे तर त्यांना विचारल्याशिवाय बदलूच नये, कारण खाणे बदलून डोस तोच राहिला तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.