आयर्लंडचं जीपी व्हिजिट कार्ड: डॉक्टर-मंत्र्यांच्या हातून घडलेली सेवा

लिओ वराडकर पंतप्रधान होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते शिक्षणाने जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहेत हे विसरलं जातं. ट्रिनिटी कॉलेजची वैद्यकीय पदवी २००३ ची, डब्लिन वेस्टमधून खासदार २००७ मध्ये, आणि जीपीची पात्रता पूर्ण झाली थेट २०१० मध्ये. जुलै २०१४ मध्ये आरोग्यमंत्री झाले आणि १ जुलै २०१५ पासून जीपी व्हिजिट कार्डावर सहा वर्षांखालच्या मुलांची जीपी फी माफ झाली. त्यांची कारकीर्द जोखायची तर भाषणं बाजूला ठेवून हे कार्ड तपासावं.

श्रेय मात्र वाटून द्यावं लागतं. विधेयक आधीचे आरोग्यमंत्री जेम्स रायली यांच्या काळात आलं, तेही जीपीच. त्याआधी १९५१ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. नोएल ब्राउन यांची माता-बालकांच्या मोफत उपचारांची योजना बिशप आणि डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढे बुडाली, ब्राउनचं मंत्रिपदही गेलं. वराडकरांनी या मोफत सेवेसाठी डॉक्टरांशी करार जमवला, हा त्यांचा खरा वाटा. ऑगस्ट २०२३ मध्ये, ते दुसऱ्यांदा पंतप्रधान असताना, वयोमर्यादा वाढून आठ वर्षांखालच्या मुलांपर्यंत गेली.

नोंदणी सोपी आहे. एचएसईच्या (आयर्लंडची सरकारी आरोग्यसेवा) संकेतस्थळावर अर्ज करायचा, मुलाचा आणि पालकाचा पीपीएस नंबर (सरकारी ओळख क्रमांक) हाताशी ठेवायचा, यादीतून डॉक्टर निवडायचा. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आयर्लंडमध्ये किमान वर्षभर राहणार असणं पुरेसं. फसगत होते ती डॉक्टर निवडताना: नेहमीचा डॉक्टर या करारात नसेल तर कार्ड असूनही फी भरावी लागते, म्हणून आधी दवाखान्यात फोन करून विचारावं. ‘नवे पेशंट घेत नाही’ हे उत्तरही सर्रास मिळतं. तीन डॉक्टरांनी नकार दिला की एचएसई स्वतः डॉक्टर नेमून देते. नकार देणाऱ्यांची नावं लिहून ठेवा.

कार्डात तपासणी, रात्री-सुट्टीच्या वेळची जीपी सेवा, दुसऱ्या आणि पाचव्या वर्षीची वाढीची तपासणी आणि दम्याची देखरेख येते. औषधं येत नाहीत. त्यासाठी ड्रग्ज पेमेंट स्कीम वेगळी काढावी, म्हणजे कुटुंबाचा मान्य औषधांचा महिन्याचा खर्च ८० युरोंवर थांबतो. इमर्जन्सी विभागाचे १०० युरोही कार्डाने माफ होत नाहीत, जीपीची चिठ्ठी नेली तर होतात. चिठ्ठी फुकट मिळते, तेव्हा आधी जीपी गाठणं शहाणपणाचं.

अडचण मुळात आहे पैशाच्या रचनेत. २०१५ च्या करारात डॉक्टरला सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला १२५ युरो ठरले, मूल दोनदा येवो की वीसदा. फी गेली की पालक साध्या शेंबडालाही येणार, आणि येतातच. डॉक्टर मात्र तेवढेच. नोंदणीला माझे पाचपैकी साडेचार गुण, अपॉइंटमेंटला अडीच. सोमवारी सकाळी फोन लागणं अवघड, तातडी नसेल तर आठवड्याच्या मधला दिवस मागावा.