सदाशिव पेठेतली कॉट बेसिस खोली: पाच पैकी दोन तारे

दहा बाय दहाची खोली, चार कॉट. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीला किमान 9.5 चौरस मीटर, म्हणजे साधारण 102 चौरस फूट लागतात. इथे दोघंच नीट राहतील. चौथ्या कॉटमुळे खिडकी उघडत नाही, पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते.

खरा धोका विजेचा. 6 अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेंशन, त्यावर इंडक्शन. 2000 वॅटची शेगडी एकटीच जवळपास 9 अँपिअर ओढते, वायर तापते आणि प्लग वितळतो. पोरांच्या जिवाशी हा खेळ नको.

पाणी, स्वच्छता ठीक.

डिपॉझिट देण्यापूर्वी करारात राहणाऱ्यांची नावं आणि संख्या लिहून घ्या. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. पाचवी कॉट आली, तर तोंडी शब्द उपयोगाचा नाही.