सांबऱ्याहून घाटाकडे उडताना: विंडी, फोरफ्लाइट की साधं सरकारी ब्रीफिंग?

निपाणीचा माझा भाचा नुकताच पीपीएल (खाजगी वैमानिकाचा परवाना) घेऊन मोकळा झालाय. परवा त्याचा फोन आला. "मामा, फोरफ्लाइट घेऊ की विंडीवर भागवू?" दोन्ही ॲपं: पहिलं उड्डाणाचा बेत आखायचं, दुसरं वारा-हवामानाचं. मी म्हटलं, रविवारी घरी ये, बोलू. तो काही आला नाही, म्हणून लिहून काढतोय. परवाना हातात असलेल्यांसाठी हे लिहिलंय, तेव्हा मेटार (विमानतळाचा चालू हवामान-अहवाल) आणि टॅफ (तिथला अंदाज) यांच्या फार खोलात जात नाही.

आधी माझं उडणं किती ते सांगतो, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. उद्यमबागेत माझी फाउंड्री आहे. वेळ मिळेल तसा महिन्यातून दोन-तीनदा सेस्ना १७२ घेऊन सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, उडतो. फेऱ्या ठरलेल्या. हुबळी चाळीस नॉटिकल मैल, कोल्हापूर पन्नासच्या थोडं पुढं, गोवा पंचावन्नच्या आसपास. तिन्ही अर्ध्या तासाच्या आतबाहेरच्या. हुबळी आणि कोल्हापूर माळावरनं माळावर, तिथं कुठलंही साधन चालतं. गोव्याला जाताना मात्र जांबोटी-कणकुंबीवरनं घाट ओलांडावा लागतो, आणि माझी सगळी पसंत-नापसंत त्या पंधरा मैलांत ठरली आहे.

विंडीपासून सुरुवात करू, कारण ती तुमच्या फोनमध्ये आधीच असणार. चेक प्रजासत्ताकातल्या ज्या गृहस्थानं २०१४ साली ती काढली, तो स्वतः वैमानिक आणि पतंगावर समुद्रात घसरणारा माणूस. ते तिच्यात दिसतंही. उद्या सकाळी दहा वाजता पाच हजार फुटांवर वारा कुठून किती, हे एका बोटात कळतं. युरोपियन आणि अमेरिकन मॉडेलं, म्हणजे संगणकानं काढलेले हवामानाचे अंदाज, शेजारी ठेवून बघता येतात. दोन्ही एकच सांगत असतील तर मी निर्धास्त, वेगवेगळं सांगत असतील तर बेत सैल ठेवतो. आदल्या रात्री जायचं की नाही ठरवायला हिच्याइतकं सोपं काही नाही, आणि एवढ्या कामाला फुकट आवृत्ती पुरते.

स्कायवेक्टर ब्राउझरमध्ये चालतं, तेही फुकट. मार्गाची रेघ ओढायची, दिशा आणि अंतर घ्यायचं, वाऱ्याचा हिशेब बघायचा. अमेरिकेसाठी त्यावर सेक्शनल चार्ट (वैमानिकांचे सविस्तर नकाशे) आहेत, आपल्या वाट्याला जगाचा साधा थर येतो. रेघ ओढायला तो ठीक. हवाई हद्दींसाठी मात्र एआयपीच (सरकारी अधिकृत वैमानिकी माहितीपुस्तिका) उघडा. सांबऱ्यावर हवाईदल आहे, गोव्याच्या दाभोळीवर नौदल आहे, तिथं अंदाजपंचे चालत नाही.

जाता जाता एक गंमत. आपल्या विमानतळाचा कोड आधी व्हीएबीएम होता, आता व्हीओबीएम आहे. म्हणजे मुंबईच्या गटातनं चेन्नईच्या गटात. कोल्हापूर अजून व्हीएकेपीच. सीमाप्रश्न आकाशातही सुटलेला नाही, असं आम्ही चहाच्या टेबलावर म्हणतो. गंमत सोडा, पण जुना जीपीएस असलेलं विमान मिळालं तर आत अजून जुना कोड असू शकतो. मार्ग भरताना न सापडल्यास घाबरू नका.

आता फोरफ्लाइट. आयपॅड आणि आयफोनवर चालतं, वर्गणी डॉलरात. मी एका मित्राच्या टॅब्लेटवर दोन हंगाम वापरलं आणि मला आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. मार्ग टाकला की खालच्या जमिनीचा उभा छेद दिसतो, डोंगर कुठं येतो ते रंगात कळतं. वजन-समतोल, इंधन, चार्ट, सगळं एका जागी. जो नागपूर, हैदराबाद, कोची अशा लांबच्या फेऱ्या करणार, त्याला पैसे वसूल होतील. माझ्या अर्ध्या तासाच्या उड्डाणाला ते जरा जास्तच वाटतं, जसं नरगुंदकर भावे चौकात भाजी आणायला ट्रक नेणं. आणि एप्रिलमध्ये काचेखाली ठेवलेला टॅब्लेट एकदा तापून झोपी गेला होता. त्यात ॲपचा दोष काही नव्हता, पण तेव्हापासून मांडीवरच्या पाटीला कागद असतोच.

कुठलंही ॲप घेतलंत तरी फ्लाइट प्लॅन भरणं, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर घेणं हे काम सुटत नाही. दुसऱ्या देशातल्या लोकांची "बटण दाबलं आणि निघालो" अशी वर्णनं वाचून हुरळून जाऊ नका.

आता मुद्द्याचं. मला ज्या एका गोष्टीनं वैताग आणला ती म्हणजे ढगांचा तळ. नीट सांगायचं तर तळाचा आकडा, आणि तो कुठल्या जमिनीपासून मोजलाय हा प्रश्न.

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरअखेर. पाऊस ओसरलेला, सांबऱ्यावर ऊन. ॲपच्या रंगीत नकाशावर कणकुंबीपाशी बोट ठेवलं तर ढगांचा तळ दीड हजार फूट दाखवत होता. मी हिशेब केला: कणकुंबीची जमीन सव्वीसशे फूट, त्यावर दीड हजार, म्हणजे ढग एक्केचाळीसशेवर. ढगापासून हजार फूट राखून एकतीसशेनं जाता येईल. घट्ट आहे, पण जमेल. निघालो. जांबोटी मागं पडल्यावर समोर घाटमाथा नव्हताच. पांढरी भिंत होती, आणि तिच्या खालच्या कडेला झाडांचे शेंडे. दुधाची साय भांड्याच्या काठावर बसते तसा ढग डोंगरावर बसलेला. डावीकडं वळलो, परत आलो. वीस मिनिटांचं उड्डाण आणि नंतर दिवसभर स्वतःवर राग.

नकाशा खोटं बोलत नव्हता. मॉडेल जगाचे चौकोन पाडतं, युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण नऊ किलोमीटरचा. घाटाच्या कडेवरच्या एका चौकोनात वरचा माथाही येतो आणि खाली कोकणात उतरणारा उतारही. दोन्हींची सरासरी होते. मॉडेलच्या लेखी तिथली जमीन समजा सोळाशे फूट. तळाचा आकडा त्या जमिनीपासून मोजलेला. म्हणजे ढग खरा एकतीसशेवर, आणि माझ्या खालची खरी जमीन सव्वीसशे. मला दीड हजाराची जागा वाटत होती, होती पाचशेची. त्यातही कडेचे डोंगर कणकुंबीपेक्षा उंच. वर नैऋत्येचा ओला वारा चढ चढताना थंड होऊन तिथंच ढग धरतो, आणि सरासरीनं सपाट केलेल्या घाटाला तो चढ पुरता दिसतच नाही. हे कुठल्या एका ॲपचं पाप नव्हे, त्या जातीच्या सगळ्यांनाच लागू आहे. माळावर हा फरक शून्याजवळ येतो, म्हणून हुबळीला जाणाऱ्याला तो कधी कळणारही नाही.

सरकारी ब्रीफिंगचा मी चाहता झालो तो यामुळं. हवामान खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंगवर एकदा नोंदणी करायची, मग मेटार, टॅफ, सिगमेट (धोकादायक हवामानाचे इशारे), वाऱ्याचे तक्ते, उपग्रहाची चित्रं, सगळं मिळतं. दिसायला अगदीच रुक्ष. रंग नाहीत, बोटानं सरकवायला काही नाही, वेळा सगळ्या झेडमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत. साडेपाच तास मिळवताना तो अर्धा तास विसरू नका, मी विसरलोय. पण मेटारमधला ढग विमानतळाच्या उंचीपासून मोजलेला असतो, हे पक्कं. सांबरा सुमारे अडीच हजार फुटांवर. मेटार दीड हजार म्हणाला की ढग समुद्रसपाटीपासून चार हजारावर, आल्टिमीटरला (उंची दाखवणाऱ्या यंत्राला) क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला तिथला हवेचा दाब, लावला की तोच आकडा समोरच्या काट्यावर. मध्ये कुणाची सरासरी नाही.

अर्थात मेटार सांबऱ्याचा. कणकुंबीचं त्याला काय ठाऊक? गोव्याच्या रडारचं चित्र मी बघतो, पण ते पाऊस धरतं, नुसता ढग नव्हे. मे महिन्यातला वळीव ते छान पकडतं. त्या दिवसांत पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲपही फोनवर असू द्या, विजांसाठी. घाटावर बसलेला बुटका ढग मात्र रडारला दिसेलच असं नाही.

म्हणून शेवटचं साधन: कणकुंबीला माझी आतेबहीण राहते. निघण्याआधी तिला फोन. "समोरचा डोंगर दिसतोय काय गं?" एकदा म्हणाली, "आत्ता दिसूलालाय, पण धुकं खाली उतरूलालंय बघ. तू जेवायलाच ये की गाडीनं." त्या दिवशी मी गाडीनंच गेलो. तांबड्या रश्श्यावर भात खाताना अंगणातनं बघितलं, दीड तास डोंगर दिसला नाही.

माझी मांडणी अशी: आदल्या रात्री विंडी, सकाळी ब्रीफिंग, मार्गाची रेघ स्कायवेक्टरवर, आकडे कागदावर, आणि घाट ओलांडायचा असेल तर फोन. तुमचं उडणं वेगळं असेल तर तुमची मांडणीही वेगळी होईल. लांब पल्ल्याच्या माणसानं फोरफ्लाइटला नाही म्हणू नये. पण बेळगावातनं पश्चिमेकडं तोंड करून उडणाऱ्यानं पैसे खर्चण्याआधी एक पावसाळा या रुक्ष मजकुरावर काढून बघावा, असं मला वाटतं.

भाच्यानं काल टॅब्लेट घेतला. रात्री मेसेज आला: मामा, कणकुंबीच्या मावशीचा नंबर पाठव.