ब्लेअर विच की पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी?

सापडलेल्या फुटेजचा (म्हणजे पात्रांनीच टिपलेलं चित्रण नंतर सापडलं, असं भासवणारा) एकच भयपट बघायचा तर कुठला, असं मावसभावाने विचारलंय. 'खरोखर घडलेलं' वगैरे जाहिराती बाजूला ठेवू. दोन्ही काल्पनिक आणि दोन्ही तुटपुंज्या पैशात केलेले. काटकसरीत मात्र 'पॅरानॉर्मल' (२००७) थक्क करतो: ओरेन पेलीने तो सॅन दिएगोतल्या स्वतःच्याच घरात, सुमारे १५,००० डॉलरमध्ये केला.

खरा फरक कॅमेऱ्याचा. 'ब्लेअर विच'मध्ये (१९९९) तो कलाकारांच्याच हातात आहे. मेरीलँडच्या जंगलात चित्रीकरण त्यांनीच केलं, संवाद बहुतेक आयत्या वेळचे, आणि दिग्दर्शक त्यांचं खाणं मुद्दाम कमी करत गेले. म्हणून जंगलात वाट चुकल्यावर नकाशावरून होणारं भांडण अभिनय वाटतच नाही. माझ्या मते सिनेमाचा जीव तिथेच आहे. पण चित्र इतकं हलतं की काहींना मळमळतं.

'पॅरानॉर्मल'मध्ये रात्री कॅमेरा स्टँडवर स्थिर. नायिका केटी झोपेतून उठून पलंगाशी उभी राहते, पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ भराभर पळते, आणि ती तासन्‌तास तिथेच! दिवसाचे प्रसंग मात्र रेंगाळतात.

'ब्लेअर विच' शेवटपर्यंत चेटकीण दाखवतच नाही. ते चालत असेल, माणसं खचताना बघायची असतील, तर तोच घे. चार मित्रांसोबत दचकायचं असेल किंवा हलत्या चित्राने डोकं दुखत असेल, तर 'पॅरानॉर्मल'. एकटा राहत असशील तर तो दुपारी बघ.