सेकंडहँड कॅमेरा आणि लेन्स: मूळ मालकाकडून की दुकानातून?

ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की ऐरोली-सीवूड्सच्या बाजूला पक्षी टिपायला जाणाऱ्यांना लांब पल्ल्याच्या लेन्सची आठवण होते आणि नव्या लेन्सची किंमत पाहिली की ती सेकंडहँड घ्यावी असे वाटू लागते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की ऑनलाइन जाहिरात देणाऱ्या मूळ मालकाकडे जावे, की लोकलने सीएसएमटीला उतरून बोरा बाजारातले दुकान गाठावे. माझे मत असे की लेन्स शक्यतो मालकाच्या घरून घ्यावी आणि बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, दुकानातून. अर्थात दोन्हीकडे काही अटी सांभाळून.

लेन्सच्या बाबतीत मालकाकडे झुकण्याचे कारण आपली हवा आहे. खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात बंद कपाटात पडलेल्या लेन्सला फंगस, म्हणजे बुरशी, लागते आणि ती लेन्स कशी ठेवली होती, हे दुकानाच्या काचेआड कळत नाही. दुकानात येईपर्यंत ती पुसून, कधी उघडून साफ करून ठेवलेली असते. फंगसने काचेवरचे कोटिंग खाल्ले असेल, तर ते सफाईने परत येत नाही. ऐरोलीत एका गृहस्थांकडे मी निकॉनची २००-५०० मिमी लेन्स पाहायला गेलो होतो. त्यांनी ती चामड्याच्या बॅगेतून काढली, तेव्हाच ओलसर कुबट वास आला. मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारल्यावर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन बारीक तंतू दिसले. ‘धूळ असेल’, असे ते म्हणाले आणि त्यांना खरोखरच तसे वाटत असावे. दुकानात हीच लेन्स कदाचित स्वच्छ दिसली असती आणि मी ती घेतलीही असती.

बॉडीचे गणित वेगळे आहे. शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोच्या फाइलमधल्या माहितीवरून काढता येतो, कॅननच्या अनेक मॉडेलमध्ये तो इतका सहज मिळत नाही. आणि मिळाला तरी तो शटरपुरताच बोलतो. उदाहरणार्थ, निकॉनच्या डी७२०० या कॅमेऱ्याचे शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेले आहे, पण मदरबोर्ड कधी जाईल, हे कोणताही आकडा सांगत नाही. म्हणून इथे दुकानाची काही महिन्यांची हमी जास्तीच्या पैशांइतकी मोलाची ठरते. मात्र ती तोंडी नसावी, बिलावर सिरीयल नंबरसह लिहून घ्यावी. दुकानदाराने पुढे हात वर केले, तर ते बिल घेऊन राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, अगदी दुकान मुंबईत असले तरी ठाण्यात. घरातली एखादी वस्तू विकणारा माणूस व्यापारी नसल्यामुळे त्याच्याबाबत हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही.

मालकाकडून घेताना मूळ बिल नसेल, तर मी पुढे बोलतच नाही. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे आणि बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, बिलाशिवाय मिळणारी बॉडी हे तसे कारण ठरू शकते. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, कुरिअरचे पैसे आधी पाठवा’ म्हणणाऱ्याचा तर फोनच ठेवून द्यावा.

किमतीबद्दल म्हणाल, तर २००-५०० लेन्ससाठीच मालक आणि दुकान यांच्यात मला आठ हजारांचा फरक आढळला. घासाघीस मालकाकडे अधिक चालते. जुनी वस्तू देऊन वरचे पैसे भरायचे असतील, तर मात्र दुकानच सोयीचे.

शेवटी मी तशीच २००-५०० लेन्स वाशीतल्या एका मालकाकडून घेतली. त्यांच्या ड्राय कॅबिनेटवर, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटावर, आर्द्रता ४५ टक्के दिसत होती. बिलावरचा आणि लेन्सवरचा नंबर जुळवला, २०० आणि ५०० या दोन्ही टोकांना समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे फोटो काढले, ते लॅपटॉपवर मोठे करून चारही कोपरे सारखेच स्पष्ट आहेत ना हे पाहिले, आणि त्यानंतरच यूपीआयने पैसे दिले.