वेब सर्व्हरसाठी लूपबॅक पोर्ट की स्थानिक सॉकेट?

सोलापुरी चादरी आणि टॉवेलांच्या घाऊक मागण्या नोंदवणारे एक संकेतस्थळ आम्ही सोलापुरातच एका यंत्रावर चालवतो. पुढे ग्राहकांच्या विनंत्या घेणारा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आणि मागे पायथनमधील ॲप्लिकेशन अशी त्याची मांडणी असल्यामुळे, या दोघांनी १२७.०.०.१ या लूपबॅक पत्त्यावरील (यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा पत्ता) पोर्टमधून, म्हणजे क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीच्या दारातून, बोलावे की युनिक्स डोमेन सॉकेटमधून, म्हणजे एकाच यंत्रावरील प्रक्रियांना जोडणाऱ्या स्थानिक सॉकेटमधून, हे आम्हाला ठरवायचे होते.

पोर्टची व्यवस्था सोपी आहे. उद्या ॲप्लिकेशन दुसऱ्या यंत्रावर हलवले, तर मुख्यतः पत्ता बदलावा लागतो. मात्र त्याच यंत्रावरील कोणताही वापरकर्ता त्या पोर्टला जोडणी करू शकतो.

स्थानिक सॉकेट ही फाइलव्यवस्थेतील नोंद असते, त्यामुळे लिनक्सवर तिच्यावर लिहिण्याचा अधिकार नसलेल्या प्रक्रियेला जोडणीच मिळत नाही, आणि ग्राहकांचे पत्ते सांभाळणाऱ्या यंत्रावर हा पहारा मला सर्वांत मोलाचा वाटतो. टीसीपी या नेटवर्क जोडणीच्या नियमसंचाचे सोपस्कार टळल्याने वेगही थोडा वाढतो, पण डेटाबेसच्या संथ क्वेरीपुढे तो फरक जाणवत नाही. अडचणीही आहेत. एन्जिनएक्सच्या वापरकर्त्याला परवानगी नसेल तर ग्राहकाला ५०२ त्रुटी (मागच्या ॲप्लिकेशनकडून योग्य उत्तर न मिळाल्याची) दिसते. ॲप्लिकेशन अचानक बंद पडल्यास जुनी फाइल मागे राहते आणि ती काढल्याशिवाय त्याच नावाने नवा सॉकेट उघडत नाही. शिवाय लिनक्समध्ये तिच्या मार्गासाठी (निर्देशिकांसह नावासाठी) केवळ १०८ बाइट मिळतात.

दोन्ही प्रक्रिया एकाच यंत्रावर असेपर्यंत आम्ही सॉकेटच निवडला असून, तो चालू प्रक्रियांच्या तात्पुरत्या फाइलींसाठी असलेल्या ‘रन’ निर्देशिकेत, सामाईक गट आणि ०६६० परवानगीसह (फक्त मालक आणि गटाला वाचण्या-लिहिण्याचा अधिकार) ठेवला आहे.